सिएरा हाय रूट : पाठपिशवी भरण्याआधी वाचा

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या या लांब पायी मार्गावर निघणाऱ्या सर्व सदस्यांना सूचना.

मार्गावरच्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अस्वलरोधक डबा (अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा) सक्तीचा आहे. खाण्याबरोबर टूथपेस्ट, सनस्क्रीन आणि कचराही त्यातच मावला पाहिजे. हे हमखास विसरतं. माणशी रोज 700 ग्रॅम कोरडा शिधा धरा. चिवडा, फरसाण फुगीर, फार जागा खातात. चिक्की, गूळ-शेंगदाणे, सुकं खोबरं घ्या. घरीच डबा भरून झाकण लावून पाहा.

पायवाट नसलेल्या शिळांच्या राशींत तासाला एक-दीड किलोमीटरच धरा. मोठी शिळाही डुगडुगते, म्हणून दाबून पाहिल्याशिवाय भार टाकू नका. उतारावर कुणाच्याही थेट खाली थांबू नका.

ओढे सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. ओलांडताना पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडलेलाच हवा. खिंडी दुपारच्या विजांआधी उतरा.