दारातला लाजर

महोदय,

‘गरिबाने इथे सोसावे, त्याला स्वर्गात मिळेल’ असा ख्रिस्ती शिकवणीचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा सांगितला जातो आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही वेळा तो चर्चमध्येही ऐकावा लागतो. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दृष्टान्त मात्र धनलोभी श्रोत्यांना उद्देशून आहे, भुकेल्यांची समजूत घालण्यासाठी नव्हे. त्या श्रीमंताने कुणाला लुबाडले असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. फोडांनी भरलेला लाजर त्याच्या दारातच पडून होता, कुत्री येऊन त्याचे फोड चाटत होती, तरी याच्या रोजच्या मेजवानीत खंड पडला नाही, हाच त्याचा अपराध. येशूच्या दृष्टान्तांत नाव मिळाले ते या दरिद्री माणसाला, श्रीमंत निनावीच राहिला. मला हे फार मोलाचे वाटते. मरणानंतर लाजर सुखात आणि श्रीमंत यातनेत असतो; तेव्हा दोघांमध्ये जी दरी दिसते, ती जिवंतपणी दाराच्या उंबरठ्याएवढीच होती. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या ट्रॉल्या लेकराबाळांसह, भांडीकुंडी बांधून आमच्या चर्चच्या फाटकावरून जात असताना आत केवळ परलोकावर प्रवचन चालावे, हे या शिकवणीला धरून नाही. मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांनी या कामगारांच्या गावी मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची व शाळेची जबाबदारी हंगाम संपेपर्यंत उचलावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक ख्रिस्ती वाचक, जालना