काकू, त्या 11 जूनबद्दल जाहीर आभार

काकू,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडपणे लिहितेय, आणि तुम्हाला विचारूनच लिहितेय. तुमच्या दोन अटी होत्या: तुमचं नाव घालायचं नाही आणि मोबाइल कंपनीचंही घालायचं नाही. पहिली मी लगेच कबूल केली. दुसरीवर वाद घातला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "एकीचं नाव घेतलंस की बाकीच्यांच्या ग्राहकांना वाटेल, आपल्याकडे सगळं आलबेल आहे." यावर मला काही बोलता आलं नाही. तेव्हा दोन्ही नावं गाळून लिहिते.

वाचणाऱ्यांसाठी आधी हकिगत सांगते. आम्ही जूनमध्ये चार नंबरांचा पोस्टपेड फॅमिली प्लॅन घेतला. आम्हा दोघांचे नंबर, लेकीचा पुण्यातला आणि सासूबाईंचा साताऱ्यातला. महिन्याचं भाडं ठरलं, कागद झाले, सिम आली. सप्टेंबर संपता संपता एक मेसेज आला. इंग्रजीत, आणि सूर असा की आम्हाला जणू बक्षीसच लागलंय! तुमचा प्लॅन अपग्रेड होतोय, पुढच्या बिलापासून जास्त डेटा मिळेल, अभिनंदन. शेवटच्या ओळीत 'सुधारित दर लागू' एवढे तीन शब्द. दर किती, ते कळायला लिंक उघडायची. उघडली तर भाडं 150 रुपयांनी वाढलेलं. सासूबाईंचा आहे तोच डेटा महिनाअखेर उरतो, त्यांना जास्तीचा कशाला हवाय?

कस्टमर केअरचा मुलगा नम्र होता, पण ठरलेलं तेच बोलत होता. "मॅडम, सिस्टीमने सगळ्यांचेच प्लॅन बदललेत. तुम्हाला नको असेल तर पोर्ट करून घ्या." म्हणजे नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जा. दुकानात गेले तर तिथल्या बाईंनी अर्जामागची बारीक अक्षरं दाखवली: दर आणि अटी बदलण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे. खाली माझीच सही. घरात दोन तट पडले. हे म्हणाले, सरळ ट्रायला, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, मेल टाकू. लेक म्हणाली, आई, दीडशे रुपयांसाठी किती डोकं लावतेस.

तेव्हा मी तुमच्याकडे आले, ते खरं तर हळदीच्या लोणच्याची बरणी परत द्यायला.

तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत. मी 150 रुपयांवर होते, मेसेजच्या भाषेवर होते, कंपन्या कशा माजल्यात यावर होते. तुम्ही एकच विचारलंत: "प्लॅन घेतला कधी?" मी म्हटलं, जूनमध्ये. "जूनमध्ये कितीला?" ते मला सांगता येईना. मग तुम्ही पहिलं बिल मागितलंत. फोनवर दाखवलं तर म्हणालात, छापून आण. छापून आणल्यावर टेबलावर ठेवून ओळीखाली लाकडी पट्टी धरलीत, आणि एकेक ओळ संपली की पट्टी खाली सरकवत गेलात. आम्ही बिलात फक्त भरायची रक्कम बघतो. तुम्ही ती बघितलीच नाहीत. दुसऱ्या पानावर, आमच्या पत्त्याच्याही खाली, प्लॅन सुरू झाल्याची तारीख सापडली. 11 जून. त्याभोवती तुम्ही पेन्सिलीने गोल केलात आणि म्हणालात, "झालं. आता 10 डिसेंबरपर्यंत यांना हात लावता येत नाही."

हा नियम वाचणाऱ्या सगळ्यांनी लिहून ठेवावा असा आहे. ट्रायचा 1999 चा टेलिकॉम टॅरिफ ऑर्डर, म्हणजे दरांबद्दलचा आदेश आहे, त्यात नंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. त्यानुसार एखाद्या ग्राहकाने टॅरिफ प्लॅन घेतला की घेतल्या तारखेपासून सहा महिने त्यातला कुठलाही दर त्याच्या तोट्याचा होईल असा बदलता येत नाही. कमी करायचा तर कंपनीने कधीही करावा. ग्राहकाला मात्र सहा महिने थांबायचं बंधन नाही, तो हवा तेव्हा प्लॅन बदलू शकतो. आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरून रिचार्ज केला असेल, तर सहा महिनेच नाही, भरलेली पूर्ण मुदत तो दर टिकतो. अर्जामागच्या बारीक अक्षरांचं काय, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "ती अक्षरं ऑर्डरच्या खाली येतात, वर नाही. त्यांनी राखून ठेवलेला अधिकार 11 डिसेंबरपासून वापरावा."

दुकानातल्या बाईंचा दुसरा मुद्दा होता की डेटा वाढवून दिलाय, मग तुमचं नुकसान कुठे झालं? खरं सांगते, या प्रश्नावर मी थोडी अडखळले होते. तुम्ही अडखळला नाहीत. भाडं वाढलं हा तोटा, आणि बदल्यात दिलेली वस्तू ग्राहकाने मागितलेली नव्हती, इतकंच तुमचं म्हणणं. आणि पोर्ट करा या सल्ल्यावर म्हणालात, "जायचं तेव्हा जाऊ गं. आधी जूनमध्ये ठरलं ते डिसेंबरपर्यंत पाळा म्हणावं."

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते तुमच्या पुढच्या सल्ल्याचं. मी वाढीव बिल भरणार नव्हते. ठरवूनच आले होते. तुम्ही म्हणालात, पूर्ण भर. हरकत नोंदवून भर, पण भर. कारण थकबाकी राहिली की आधी विलंब शुल्क लागतं, मग आउटगोइंग बंद होतं, आणि उद्या कंटाळून दुसरीकडे जायचं म्हटलं तर बिल थकलेल्या नंबरला पोर्टिंगचा कोडच मिळत नाही. म्हणजे रागाने पैसे अडवले तर दारही आपल्यालाच बंद. सासूबाई साताऱ्यात एकट्या राहतात, त्यांचा फोन एक दिवस जरी बंद पडला असता तर मला ही लढाई तिथेच सोडावी लागली असती. हे तुमच्या लक्षात माझ्याआधी आलं.

मग अर्ज. माझा मसुदा दीड पान झाला होता आणि त्यात 'सरासर लूट', 'मनमानी कारभार', 'सामान्य माणसाची पिळवणूक' असं सगळं होतं. तुम्ही पेन्सिल घेऊन विशेषणं काढायला सुरुवात केलीत आणि शेवटी राहिलं ते एवढंच:

"मी 11 जूनपासून आपला अमुक प्लॅन घेतला आहे. आपण 1 ऑक्टोबरपासून त्याचे मासिक भाडे 150 रुपयांनी वाढवल्याचे कळवले आहे. प्लॅन घेतल्यापासून सहा महिने पूर्ण झालेले नाहीत. टॅरिफ ऑर्डरनुसार ही वाढ मला लागू होत नाही. मूळ दर पूर्ववत करावा आणि घेतलेली जादा रक्कम करासह परत करावी. वाढीव बिल मी हरकत नोंदवून भरत आहे."

सोबत पहिलं बिल आणि त्या मेसेजचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट तुम्ही मला तिथेच, तुमच्यासमोर काढायला लावलात. लिंकच्या मागचं पान बदलू शकतं, असं म्हणालात. ते पुढे खरोखरच बदललं.

तक्रार आधी कंपनीच्याच तक्रार केंद्राकडे. ट्रायकडे एकट्या ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा होत नाही, ते नियम करणारे, हे तुम्ही आमच्या ह्यांना इतकं हळुवार सांगितलंत की त्यांना वाईटही वाटलं नाही. तक्रार केली की कंपनीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, द्यावाच लागतो, आणि तो मिळेपर्यंत फोन ठेवायचा नाही. मिळाला. मग काही दिवसांनी मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काय निकाल लागला, कुणी लावला, त्याचा पत्ता नाही! इथे मी एकटी असते तर संपलं असतं. निकाली म्हटल्यावर आपण गप्पच बसतो.

तुम्ही तर खूश झालात. "आता अपील करता येईल." प्रत्येक कंपनीत अपील अथॉरिटी असते, ट्रायच्या 2012 च्या नियमांनी ती ठेवावीच लागते. तक्रारीच्या निकालाने समाधान झालं नाही तर 30 दिवसांच्या आत अपील करायचं, त्याला फी नाही, वकील नाही, आणि त्यांनी 39 दिवसांत निर्णय द्यायचा. सोबत दोन जणांची सल्लागार समिती असते, त्यातला एक कंपनीचा आणि एक ग्राहक संघटनेचा. मला हे माहीतच नव्हतं. मी ओळखते त्यांतही कुणाला माहीत नव्हतं, आणि आमच्या ओळखीत या कंपन्यांत नोकरी करणारे दोघे आहेत.

अपिलात आपण नवीन काही लिहिलं नाही. तेच सहा वाक्यांचं पत्र, वर डॉकेट नंबर आणि खाली एक ओळ: तक्रारीच्या उत्तरात तारखेबद्दल काही म्हटलेलं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस निर्णय आला. दर पूर्ववत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे मिळून 300 रुपये पुढच्या बिलात जमा. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. तुम्ही पट्टी काढलीत. "दीडशेवर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे बिलात 177 वाढले होते. दोन महिन्यांचे 354. वरचे 54 कुठायत?" काकू, त्या 54 रुपयांसाठी पुन्हा मेल टाकायला मला लाज वाटत होती. तुम्हाला अजिबात वाटली नाही. आणि तेही आले.

हे 54 रुपये मागायचं वळण तुमच्या अंगात कुठून आलं, याचा मी अंदाज बांधलाय. मुंबई ग्राहक पंचायत, म्हणजे गट करून महिन्याचं सामान एकत्र घेणाऱ्या ग्राहकांची संघटना, 1975 साली सुरू झाली. तिचं महिन्याचं सामान तुमच्या घरी उतरायचं तेव्हाच्या गोष्टी तुम्ही कितीदा सांगितल्यात. हॉलमध्ये गोणी, तुमच्या गटातल्या बायका, वाटप, हिशेब, आणि कुणाच्या पिशवीत डाळ कमी गेली तर दुसऱ्या दिवशी ती पोचवणं. मला त्या गोष्टी तेव्हा जरा कंटाळवाण्या वाटायच्या. आता वाटत नाहीत.

अपील फेटाळलं असतं तर काय, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, आणि त्यामुळे मी शांत राहू शकले. पूर्वी या कंपन्या ग्राहक न्यायालयात हमखास एक आडकाठी घालायच्या. 1885 च्या टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद आहे, 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या आधारे निकाल दिलाय, तेव्हा टेलिफोनची भांडणं इथे चालणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. अहमदाबादच्या एका ग्राहकाला एरवी सरासरी साडेपाचशेच्या आसपास बिल यायचं, त्याला एकदा 24,609 रुपयांचं आलं. तो ग्राहक मंचात गेला, आणि कंपनी हीच आडकाठी घेऊन थेट दिल्लीपर्यंत गेली. 16 फेब्रुवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं म्हणणं फेटाळलं. तो निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी लिहिलेला. त्यामुळे आता मोबाइलवाल्यांविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक सोय केली: तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. आपल्यासाठी ठाणे. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फीही नाही. "तिथवर जायला लागणार नाही," असं तुम्ही म्हणाला होतात, आणि तसंच झालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मात्र अजून आमच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे, तुमच्या अक्षरात.

सहा महिने संपल्यावर कंपनीने भाडं पुन्हा वाढवल्याचं कळवलं. या वेळी आकडा मेसेजमध्येच होता, स्पष्ट. त्यांना तो अधिकार होता, म्हणून भांडलो नाही. चारही नंबर दुसरीकडे नेले. बिल थकलेलं नव्हतं, त्यामुळे 1900 वर मेसेज टाकल्यावर कोड लगेच आले. साताऱ्याच्या नंबरासाठी तेवढं जाऊन यावं लागलं.

लेकीने, जी दीडशे रुपयांसाठी डोकं लावू नको म्हणत होती, तुमचं सहा वाक्यांचं पत्र हॉस्टेलच्या मैत्रिणींना पाठवलंय. त्यांतल्या एकीचा वर्षाचा रिचार्ज आहे आणि मधेच रोजचा डेटा कमी झालाय. तिला मी आधी पावती शोधायला सांगितलंय. ती तुम्हाला फोन करेल. चालेल ना? दुपारी दोन ते चार करू नको, असं बजावलंय.

आणि त्या 54 रुपयांचं सासूबाईंनी ठरवून टाकलंय: साताऱ्याचे कंदी पेढे, तुमच्यासाठी. तेवढ्यात किती येतात ते त्यांना चांगलं ठाऊक आहे, वरचे त्या घालणार आहेत, आणि त्याचा हिशेब मागायचा नाही असा त्यांचा निरोप आहे. शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. घरी आहात ना?

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची
डोंबिवली