बंदूक नागपुरातच राहील, बाबा

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा 'बरं बरं' करून फोन आईकडे देतात आणि आई 'जेवलीस का'पासून सुरू करते, म्हणून सरळ पत्रच लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून बसा. आई, तू वाचून दाखवणार असशील तर मधलं काही गाळू नकोस.

आधी मुद्दा. आजोबांची दुनळी तुमचं पत्र आणि परवाना घेऊन मी साफसफाईसाठी नागपूरला आणली, ती आता गावी परत येणार नाही. इथल्या परवानाधारक दुकानदाराकडे ती जमा राहील आणि पुढे माझ्या नावावर परवाना काढायचा, असं दादाचं आणि माझं ठरलं आहे. विकायची नाही. त्या राइस मिलवाल्यांनी पुन्हा विचारलं तर 'पोरीने नेली' म्हणून माझ्यावर ढकला.

रागावला असाल. पण बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरसुद्धा तुम्ही रात्री धुऱ्यावर रानडुकरं हाकलायला बंदूक घेऊन निघालात, हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं? हात थरथरतो हे तुम्ही डॉक्टरांना सांगत नाही, पण आईच्या पानात वरण वाढताना दिसतं ते. शेत ठेक्याने दिलेलं आहे, डुकरांचं ठेकेदार बघेल. धानाचं नुकसान झालंच तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज मी इथून भरून देईन. तुम्ही फक्त फोटो काढून ठेवायला सांगा.

आता जे तुम्हाला खरं ऐकायचं आहे ते. आपली बंदूक नेमकी काय आहे, ते कळलं!

दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने ती हातात घेतली, बोटावर तोलली आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बेटी, ये तो असली बीस है।" म्हणजे काय, ते मला समजावून घ्यावं लागलं. बोअरचा आकडा ठासणीच्या बंदुकांच्या काळातला आहे. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक गोळा जेवढा, तेवढी 12 बोअरची नळी, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. त्याच पौंडाचे वीस गोळे केले की प्रत्येकी पावणेतेवीस ग्रॅमच्या आसपासचा लहान गोळा होतो, आणि 20 बोअरची नळी भरते साधारण 15.6 मिलिमीटर. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. म्हणून मोठे काका तिला आयुष्यभर 'बायकी बंदूक' म्हणत राहिले आणि स्वतःची बारा बोअर खांद्यावर मिरवत राहिले.

पण 'असली' म्हटलं ते वेगळ्याच कारणासाठी. काही बंदुकांत बारा बोअरच्याच सांगाड्यावर बारीक नळ्या बसवलेल्या असतात, मग ती नुसती जड आणि बेढब लागते. आपल्या बंदुकीचा मधला लोखंडी भाग, ज्यात सगळी यंत्रणा असते, तोच मुळात लहान मापाने घडवलेला आहे. वजन अडीच किलोच्या थोडं वर आणि तोल बरोबर बिजागरीच्या खिळ्यावर. हातात धरली की नळ्या खाली ओढत नाहीत, दस्ताही मागे जड लागत नाही. लहान मापात काम करताना कानशीचा एक घास जास्त गेला तरी झाकायला जागा नसते, म्हणून कारागीर लोक अशा बंदुकीला मान देतात. काकांना हे मी कळवणार नाही. तुम्ही कळवलंत तर माझी हरकत नाही.

एक गोष्ट जरा हळूच सांगते. आजोबा 'लंडनची' म्हणायचे, ती लंडनची नाही. नळ्यांमधल्या पट्टीवरचं जे नाव आपल्याला कधी नीट लागलं नव्हतं, ते तिरप्या उजेडात धरल्यावर लागलं : आर. बी. रॉडा अँड कंपनी, कलकत्ता. नाव दुकानाचं. बंदूक घडली बर्मिंगहॅमला, आणि ते कळतं नळ्या काढून उलट्या केल्यावर. दस्त्याकडच्या टोकाला खालून जो सपाट भाग असतो, तिथे मुकुट आणि त्याखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरं ठोकलेली आहेत. बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे हे शिक्के. तिथे प्रत्येक नळी मुद्दाम जास्तीचा बार भरून उडवून बघायचे आणि टिकली तरच शिक्का मारायचे. हे घर 1813 सालचं. मुकुटाखालची ही अक्षरं 1904 पासूनची, त्याआधी तिथे मुकुट आणि तिरके राजदंड असायचे. 1925 पासून काडतुसाच्या घराची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबीही ठोकू लागले, ती आपल्या बंदुकीवर नाही. तेव्हा जन्म या दोन सालांच्या मधला. शेजारी चौकटीत जो 20 आकडा आहे, त्यालाच तुम्ही मला लहानपणी 'विसावा नंबर' सांगितलं होतं ना?

बाहेर घोडे, म्हणजे बार उडवणारे हातोडे, दिसत नाहीत कारण ते आत दडवलेले आहेत. नळ्या खाली मोडल्या की त्याच हालचालीने आतले घोडे ताणले जातात. ही युक्ती अँसन आणि डीली या दोघांनी 1875 साली वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यात बसवली, तोही बर्मिंगहॅमचाच. पुढे जगभरच्या दुनळ्यांनी तीच उचलली.

रॉडा हे नाव वाचून तुमच्या इतिहासाच्या मास्तरकीला काही आठवलं असेल. हो, तेच रॉडा. 26 ऑगस्ट 1914 ला कलकत्त्यात त्यांचाच कर्मचारी श्रीश मित्र याने बंदरावरून आलेल्या मालातली एक बैलगाडी क्रांतिकारकांकडे वळवली होती. 50 माउझर पिस्तुलं आणि 46,000 काडतुसं गेली! त्या दुकानाचं नाव आपल्या धान्याच्या कोठीमागे इतकी वर्षं उभं होतं आणि तुम्ही वर्गात दुसरंच शिकवत होतात. कलकत्त्याच्या दुकानाची बंदूक गोंदियात कशी, हा प्रश्न मला पडला नाही. बंगाल-नागपूर रेल्वेचं मुख्यालय कलकत्त्याला होतं आणि आजोबांना ती त्यांच्या रेल्वेतल्या साहेबाने जाताना दिली, एवढं पुरे आहे.

मग त्या कारागिरांनी नळ्या एका बोटावर लोंबत्या धरून नखाने टिचकी मारली. देवघरातल्या घंटेसारखा नाद आला, बराच वेळ टिकला. दोन नळ्यांमधला डाकाचा जोड सुटलेला असता तर नुसतं 'ठक्' झालं असतं. स्क्रूच्या खाचा बघा म्हणाले, जवळपास सगळ्या बंदुकीच्या लांबीला समांतर. असं आपोआप होत नाही, एकेक स्क्रू तेवढ्यासाठी घासून बसवावा लागतो. वरच्या कळीच्या खाली, जिथे कुणाचं बोट पोचत नाही तिथे, पोलादावरचा मूळ निळा-तपकिरी ढगाळ रंग अजून शिल्लक आहे. बाकी अंगावर तो नाही, कारण दर खंडेनवमीला हळदीकुंकू लागायचं आणि ओलावा तसाच राहायचा. आई, यात तुझा दोष नाही, आजीपासूनची ती रीत आहे. दस्त्याला गावच्या सुताराने मारलेली पितळी चूक तशीच ठेवायला सांगितली आहे. ती आपली आहे.

मला आठवतं, तुम्ही नळ्या साफ करायचात तेव्हा तेलाची बाटली धरायचं काम माझं. शेवटी नळी खिडकीकडे करून मला आत बघायला द्यायचात. आत उजेडाची कडी एकात एक दिसायची आणि मी विचारायचे, बाबा, पलीकडे कोण राहतं? तुम्ही दरवेळी वेगळं नाव सांगायचात.

आता कडी तशीच सलग दिसतात का, हे मीही बघितलं. एका नळीत गंजाचे खड्डे आहेत. म्हणून, बाबा, ती परत आली तरी उडवायची नाही, आणि हे माझं नाही, कारागिरांचं म्हणणं आहे. काडतुसाचं घर त्यांनी मोजलं, जुन्या मापाचं आहे, 65 मिलिमीटर. आजकालची बरीच काडतुसं 70 ची. ती बसतात, आणि तिथेच फसगत होते. उडताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

आता कामं. फडताळातल्या डब्यात जी कागदी नळीची जुनी काडतुसं आहेत त्यांना हात लावू नका. दादा येईल तेव्हा परवान्यासह नेऊन रीतसर जमा करेल. त्या डब्यात काकांची बारा बोअरची काडतुसंही मिसळलेली आहेत. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घरंगळून पुढे अडकतं, वरून रिकामं दिसतं, आणि मागे बाराचं भरलं की नळी फुटते. म्हणूनच वीसची काडतुसं बहुतेक ठिकाणी पिवळी करतात. तेव्हा काकांच्या पोरांना 'घेऊन जा रे' म्हणून डबा देऊन टाकू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

कागदांचं सोपं आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाची सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, की तो हयातीतच वारसाला नेमू शकतो. तुमचं दोन्ही झालं आहे. दादाने नाहरकत दिली. प्रतिज्ञापत्रावर जिथे पेन्सिलची फुली आहे तिथेच सही करा, तारीख टाकू नका, ती वकील टाकतील. हे 'आपण गेल्यावर'चं काम नाही, बाबा. तुम्ही असताना तुमच्याच हाताने द्यायचं आहे, म्हणूनच मला आत्ता हवं आहे.

खंडेनवमीला पाटावर आजोबांचा काडतुसांचा चामडी पट्टा ठेवा, रिकामा. झेंडूचा हार त्यालाही शोभेल. आणि बंदूक बघावीशी वाटली तर मी गाडी पाठवते, दोघं या, आठ दिवस राहा, दुकान घरापासून लांब नाही. आई, येताना मोहाचं लोणचं नको, तुझ्या गुडघ्याचे रिपोर्ट आण.

रात्री उठलात तर दिवा लावून उठा. टॉर्च नाही, दिवा.

तुमची,
बेबी