आबांच्या कुऱ्हाडीचा दांडा

कॅन्टन, कनेटिकट
८ मार्च

तीर्थरूप आप्पा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा दादाचा फोन आला होता. मागची पडवी उतरवायला काढलीय आणि जुनं लोखंड भंगारात द्यायचंय, असं म्हणाला. त्या पसाऱ्यात आबांची कुऱ्हाड निघाली. पातं गंजलंय, दांडा हलतोय. तेव्हा पातं ठेवू, दांडा चुलीत घालू आणि पाटणहून नवा फायबरचा दांडा आणू, असा त्याचा बेत. मी त्याला एवढंच म्हणाले की थांब, मी सविस्तर लिहिते. आप्पा, हे पत्र दादालाही वाचून दाखवा. तोवर त्या दांड्याला कुणी करवत लावू नका.

डिसेंबरपासून मी इथे अशाच एका कुऱ्हाडीच्या मागे लागले आहे. गल्लीच्या टोकाला एक आजी राहतात. त्यांचं गॅरेज आवरायला मी मदतीला गेले होते, तेव्हा रंगाच्या डब्यांमागून ती निघाली. त्यांच्या सासऱ्यांची. पात्यावर गंजाचा थर, दांडा राखाडी पडलेला, वरच्या टोकाला कुणीतरी चार खिळे आणि दोन लोखंडी पाचरी ठोकलेल्या. आजी म्हणाल्या, घेऊन जा, नीट झाली तर मला दाखव.

घरी आणून भांडी घासायच्या काथ्याने पातं घासलं तर एका गालावर पुसट अक्षरं दिसली. कॉलिन्स, हार्टफर्ड, कास्ट स्टील. मी रोज कामाला जाते ते हार्टफर्ड. पण कुऱ्हाड घडली ती हार्टफर्डमध्ये नाही, आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या कॉलिन्सव्हिलमध्ये, फार्मिंग्टन नदीच्या काठी. १८२६ साली कॉलिन्स बंधूंनी तिथे कुऱ्हाडींचा कारखाना काढला. नदीला बांध घातला आणि त्या पाण्यावर घण आणि सहाणी चालवल्या. त्याआधी कुऱ्हाड म्हणजे गावच्या लोहाराकडून घ्यायची आणि धार घरी लावायची. धार लावून तयार कुऱ्हाडी विकणाऱ्या पहिल्या कारखान्यांपैकी हा एक. पुढे ते कोयतेही करू लागले आणि जहाजं भरभरून दक्षिणेकडे पाठवू लागले. लॅटिन अमेरिकेत कुठे कुठे लांब कोयत्याला नुसतं ‘कॉलिन्स’च म्हणत. ऊस तोडणाऱ्या माणसाच्या हातात इथल्या नदीकाठचं लोखंड होतं, हे वाचून मला आपला उसाचा फड आठवला.

गावातल्या छोट्या संग्रहालयात मी दोनदा जाऊन आले. एलिशा रूट नावाचा कारागीर १८३२ मध्ये इथे आला आणि त्याने कुऱ्हाड साच्यात घडवायची यंत्रं बनवली. पुढे त्याला हार्टफर्डच्या बंदुकीच्या कारखान्याने नेलं. हे सगळं भिंतीवर अभिमानाने मांडलंय, आणि ते योग्यच आहे. माझ्या मनात मात्र राहिले ते सहाणीवर बसणारे लोक. दगडाच्या मोठ्या चाकावर दिवसभर पाती धरायची आणि दगडाची धूळ छातीत जायची. त्या धुळीनेच ते खंगून जायचे. पातं हातात धरलं की मला तेच आठवतं. १९५५ च्या ऑगस्टमध्ये नदीला महापूर आला, गावाची फार हानी झाली. १९६६ मध्ये कारखाना बंद पडला. इमारती अजून नदीकाठी उभ्या आहेत.

आता कामाचं सांगते.

गंज काढायला ग्राइंडर लावू नका. दादा नक्की लावेल, म्हणून आधीच लिहिते. चाकाखाली पातं तापतं, धारेवर आधी पिवळट आणि मग निळा रंग चढतो. निळं झालं की पाणी, म्हणजे धारेचा कडकपणा, उतरलं. लोहाराने पाजलेलं पाणी मिनिटभरात जातं आणि पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय परत येत नाही. मी पातं एक रात्र व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. सकाळी गंज काळ्या चिखलासारखा सुटून आला. तारेच्या ब्रशने घासलं, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढलं, लगेच कोरडं करून तेलाचा हात दिला. नुसतं धुऊन ठेवलं असतं तर डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस झालं असतं.

आणि त्या सकाळी एक गोष्ट दिसली, त्यासाठी सगळे कष्ट वसूल झाले. पात्याच्या पुढच्या भागात एक नागमोडी रेघ उमटली होती. रेघेच्या पुढे रंग गडद, मागे फिकट. जुन्या कुऱ्हाडी अख्ख्या पोलादाच्या नसत. अंग मऊ लोखंडाचं आणि धारेपुरती कडक पोलादाची पट्टी, भट्टीत लाल करून घणाने एकजीव केलेली. व्हिनेगर पोलादाला जास्त काळं करतं, म्हणून तो सांधा दिसतो. कुणा माणसाने तो जोड मारला, त्याला शंभर वर्षं तरी झाली असतील, आणि तो अजून सुटलेला नाही. आप्पा, आपले लोहारही पूर्वी असंच धारेला पोलाद जोडायचे ना? आबांच्या पात्यातही अशी रेघ निघेल, असं मला फार वाटतंय. निघाली तर फोटो पाठवा.

धार मी हातकानशीनेच आणली. चार रविवार गेले. कानस चालताना आवाजावरून कळतं की आपण कुठे आहोत. मऊ लोखंडावर ती खाते, पोलादावर जरा घसरते. शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि शेवटी दगडावर फिरवली. हा भाग तुम्हाला मी काय सांगणार.

दांड्याचं मात्र मला सगळं नव्याने कळलं. दांडा हिकरीचा आहे. हिकरी इथलंच झाड, आक्रोडाच्या गोत्यातलं, आणि झटका सोसण्यात त्याचा हात धरणारं लाकूड इथे नाही. आपल्याकडे धावड्याचं जे स्थान तेच इथे हिकरीचं. लोक पांढरं लाकूड निवडतात, लालसर गाभा कमी प्रतीचा समजतात. पण इथल्या सरकारी लाकूड प्रयोगशाळेने तपासून पाहिलं, तेव्हा वजनाला सारखं असलेलं लाल आणि पांढरं लाकूड ताकदीला सारखंच निघालं. बघायचं ते रेषांकडे. दांड्याच्या टोकाकडून पाहिलं की रेषा पात्याच्या दिशेने उभ्या धावायला हव्यात, आणि लांबीत कुठेही कडेला बाहेर पळायला नकोत. माझ्या दांड्याच्या रेषा खालपासून वरपर्यंत अखंड आहेत. असं लाकूड निवडणारा माणूस जाणता होता. शिवाय दांडा बारीक आहे. आजकाल दुकानातले दांडे जाडजूड असतात, ते मजबूत वाटतात, पण घावाचा हिसका सरळ मनगटात येतो. बारीक दांडा किंचित लवतो आणि हिसका स्वतः खातो.

म्हणूनच मला तो तोडायचा नव्हता. सगळे सांगत होते, वरून कापून टाक, नेढ्यातलं, म्हणजे पात्याच्या भोकातलं, लाकूड ड्रिलने काढ, नवा घाल. अर्ध्या तासाचं काम. मी खिळ्यांच्या कडेने अगदी बारीक भोकं पाडत एकेक खिळा सोडवला. शेवटचा खिळा निघायला तीन संध्याकाळी लागल्या. लोखंडी पाचरीही निघाल्या, पण पातं तसूभर हललं नाही. मग मी ठोकाठोकी थांबवली आणि कुऱ्हाड घरात, हिटरच्या वाऱ्याजवळ भिंतीला टेकवून ठेवली. इथे हिवाळ्यात घरातली हवा फार कोरडी होते, ओठ फुटतात. पाच आठवड्यांनी लाकूड आक्रसलं. पात्याखाली लाकडी ठोकळा धरून वर चार ठोके दिले आणि पातं सुटून हातात आलं.

लहानपणी आपण सैल कुऱ्हाड हौदात टाकून ठेवायचो. सकाळी घट्ट झालेली असायची. ते आता करू नका. पाणी पिऊन लाकूड फुगतं, पण नेढ्याच्या लोखंडात त्याला जागा नसते, म्हणून आतले तंतू चेपतात. वाळलं की आधीपेक्षा जास्त सैल होतं. दर खेपेला थोडं थोडं. आबांचा दांडा हलतो तो बहुतेक आपण पोरांनी घातलेल्या त्या आंघोळींमुळे. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

दांडा साफ करायला मी पॉलिश पेपर जवळजवळ वापरलाच नाही. काचेच्या तुकड्याच्या कडेने वरचा मळ आणि रंगाचे थेंब तेवढे खरवडले. खाली मधासारखा रंग निघाला. जिथे दोन मोठे चेप होते तिथे ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. वाफेने लाकूड फुगून जवळजवळ समपातळीत आलं. खालच्या मुठीशी, हरणाच्या खुरासारखं टोक आहे त्याच्या वर, एक उथळ खळगा आहे. कारखान्यात तो कुणी केलेला नाही, तो हाताने झालाय. माझी करंगळी त्यात बरोबर बसते. तिथे मी काच फिरवली नाही.

वरचं टोक खिळ्यांनी फाटलं होतं, ते अर्धा इंच कापलं आणि पातं बसतं तो खांदाही अर्धा इंच खाली उतरवला. म्हणजे सबंध दांड्यातून अर्धा इंच तेवढा गेला. पाचर बसवायची जुनी चीर दोन तृतीयांश नेढ्यापर्यंत खोल केली. मग कुऱ्हाड उलटी, पातं खाली असं हवेत धरली आणि दांड्याच्या बुडावर लाकडी मोगरीने ठोके दिले. पातं आपणहून दांड्यावर वर चढत गेलं. शाळेत जडत्वाचा नियम पाठ केला होता, पण तुम्ही कुदळीचा दांडा असाच बसवायचात, हे तेव्हा कुठे आठवलं. शेवटी वाळलेल्या लाकडाची एकच पाचर. खिळा एकही नाही.

आता तेल. रंगाच्या दुकानात बेलतेल मिळतं, म्हणजे जवसाचंच, तेच घ्या. खोबरेल किंवा शेंगतेल लावू नका, ती वाळत नाहीत, चिकट राहतात. पातळ हात द्यायचा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्यायचं. इथली जुनी माणसं सांगतात, आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला आणि मग वर्षातून एकदा. आणि आप्पा, हे नीट ऐका. ज्या फडक्याने तेल पुसाल ते बोळा करून कुठेही टाकू नका. जवसाचं तेल वाळताना आतून तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. गोठ्यात कडबा आहे. फडकं अंगणात दोरीवर पसरून वाळू द्या, नाहीतर पाण्यात बुडवा.

आबांचा दांडा धावड्याचा आहे, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. सदुसष्टच्या भूकंपात घर बसलं तेव्हा वाशांखालून काकीला याच कुऱ्हाडीने वाट करून काढलं, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा हाच दांडा होता का, हे तुम्हाला आठवत असेल. लिहा मला. आई म्हणेल, लाकडाचं काय एवढं. आई, तुझ्या लाटण्याला मी कधी हात लावू देते का कुणाला?

तर दादाला सांगा, आत्ता काही करायचं नाही. कुऱ्हाड माडीवर पत्र्याखाली ठेवून द्या, भिंतीला टेकवून, उन्हात नको. चैत्र-वैशाखात दांडा आपोआप आक्रसेल, जे इथे हिटरने केलं ते तिथे उन्हाळा करेल. पाऊस लागायच्या आत पातं काढायचं. आधी दांडा वाकवून, टोकाकडून उजेडात बघा. नेढ्यापाशी आडवी चीर गेली असेल तर मात्र वापरायचा नाही, पातं उडून कुणाला लागेल. तसं असेल तर दांडा नुसता जपून ठेवा आणि त्याच्या मापाचा धावड्याचाच नवा करून घ्या. चीर नसेल तर पाचर सोडून बाकी काही लागणार नाही.

नेढ्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजून कळवा, वरून आणि खालून वेगळी. पाचर मी इथे करून दिवाळीला घेऊन येते.

तुमची,
माई