गाणे आणावे, भाषांतर नव्हे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'मर्सीमी' या ख्रिस्ती गायकवृंदाच्या 'ऑलमोस्ट देअर' या अल्बमवर आलेला लेख वाचला. अशी गाणी मराठीत आणावीत, असे लेखकाने सुचवले आहे. नागपुरातल्या सदर भागातील आमच्या चर्चच्या गायनमंडळात हा प्रयोग आम्ही करून बसलो आहोत, म्हणून हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. 'आय कॅन ओन्ली इमॅजिन' हे त्यातले गाजलेले गाणे २००१ च्या या अल्बमसाठी लिहिले गेले, असे लेखावरून वाटते. वस्तुतः टेक्सासच्या या मंडळींनी ते १९९९ च्या आपल्या एका अल्बममध्ये आधीच घेतले होते. गायक बार्ट मिलार्ड यांचे वडील १९९१ मध्ये कर्करोगाने गेले. देवासमोर उभे राहिल्यावर आपण नाचू की आपली वाचाच बसेल, एवढाच प्रश्न त्या दुःखातून आलेल्या या गाण्यात आहे आणि तो अगदी बोलल्यासारखा विचारलेला आहे.

आमच्या तालमीत मात्र तो कागदावरून 'मी केवळ कल्पना करू शकतो' असा आला. मूळ चालीत 'इमॅजिन'मधला 'मॅ' लांबतो. तिथे 'कल्पना' बसवताना 'क' ताणून 'काल्पना' म्हणावे लागते आणि 'शकतो' कसेबसे शेवटच्या ठोक्यात कोंबावे लागते. ड्रम वाजवणारा मुलगा म्हणाला, ''काका, हे व्याकरणाच्या पेपरासारखं वाटतं.'' मला उत्तर सुचले नाही.

गिटारला वा ड्रमला माझा विरोध नाही (आमच्यातल्या काही ज्येष्ठांचा आहे, तो वाद वेगळा). पण रेव्हरंड ना. वा. टिळक, ज्यांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याने बायबल वाचण्याचा आग्रह केला आणि ज्यांनी दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांनी आपली भक्ती अभंग-ओवीच्या घाटात ओतली. म्हणूनच 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली त्यांची गीते घरगुती प्रार्थनासभेत पेटीवर आजही पुस्तक न उघडता म्हटली जातात.

सध्या आम्ही तो भाषांतराचा कागद बाजूला ठेवला आहे. मंडळातल्या एक निवृत्त शिक्षिका तोच प्रश्न आपल्या शब्दांत, ओवीच्या चालीवर लिहीत आहेत. दोन कडवी झाली आहेत. तिसरे नाताळापर्यंत व्हावे.

आपला,
एक वाचक, सदर, नागपूर