व्हॅनवाल्या काकांना थँक्यू, जे समोर नीट बोलता आलं नाही

काका नमस्कार,

तुमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. पण पंचवटीतून गंगापूर रोडला रोज पोरं सोडणारे तुम्ही, हे वाचलं की कळेलच तुम्हाला आणि निम्म्या पालकांनाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक दिवस संध्याकाळी तुम्ही माझ्या मुलाला सोडलं आणि निघाला नाहीत, बिल्डिंगखाली गाडी बंद करून थांबलात. मला वाटलं महिन्याचे पैसे राहिलेत. खाली आले तर तुम्ही आधी मुलाला वर पाठवलं, मग म्हणालात, "ताई, पोरगं वाईट नाही तुमचं, पण व्हॅनमध्ये जे बोलतो ते ऐकवत नाही." आणि सगळं सांगितलंत. मागे सीएनजीच्या टाकीवरच्या फळीवर रोज एकच मुलगा बसायचा, सुरगाण्याकडचा, वडील मार्केट यार्डात हमाली करतात, शिक्षण हक्क कायद्याच्या म्हणजे आरटीईच्या राखीव जागेवर आलेला, म्हणून त्याला सगळे 'ए आरटीई' म्हणूनच हाक मारायचे, नाव कोणी घ्यायचंच नाही. डब्यात नागलीची भाकरी असायची तर "जंगलातून आणली का रे" आणि माझ्या मुलाने त्या भाकरीचा फोटो काढून व्हॉट्सॲपचं स्टिकर केलेलं. नंतर तो मुलगा डबाच उघडायचा नाही, तसाच भरलेला घरी न्यायचा. हे शाळेत कोणाला दिसलं नाही, मला दिसलं नाही, तुम्हाला गाडी चालवता चालवता आरशात दिसलं.

मी लगेच म्हटलं अहो आमच्या घरात असं काही नसतं. त्यावर तुम्ही आवाज न चढवता विचारलंत, "ताई, आठवीतल्या पोराला कोण कुठल्या कोट्यातून आलाय हे कसं कळतं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही काका. कारण उत्तर मला माहित होतं. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला होता, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना आरटीईच्या 25 टक्के जागा द्यायची गरज नाही, तेव्हा आमच्या पालकांच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले होते आणि त्यातला एक माझा होता. जुलैमध्ये हायकोर्टाने तो बदल रद्द केला तेव्हा मी फोनवर बहिणीला म्हणाले होते, आम्ही फी भरायची आणि हे फुकटात शिकणार. मुलगा शेजारीच जेवत होता. त्या मुलाची जागा फुकट नाही, ती 2009 च्या कायद्याने दिलेली आहे आणि शाळेला त्याचे पैसे सरकारने भरायचे असतात, हे वाचायचे कष्टसुद्धा मी कधी घेतले नव्हते. मला अजूनही राग येतो माझा, की हे सांगायला पोरांना शाळेत सोडणारा माणूस लागला.

तुम्ही मुलांना ओरडला नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त सांगितलंत, पैसे सगळे सारखे देतात, फळीवर एकटाच का बसणार, आणि वार लावलेत, रोज एकेक जण फळीवर, एकेक जण पुढे तुमच्या शेजारी. माझा मुलगा पहिल्या दिवशी फळीवर बसून आला तर चिडचिड करत म्हणाला, पाठ दुखते, खड्ड्यात डोकं आपटतं. मी म्हटलं तो दोन वर्षं बसला तिथे. मग गप्प झाला.

आणि तो ट्रॅफिकमध्ये अडकलात तो दिवस. काळाराम मंदिराचा विषय पोरांनीच काढला म्हणे, आणि तुम्ही सांगितलंत की 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासोबत हजारो माणसं या दरवाजापुढे आली आणि त्यांच्यासाठी दरवाजे बंद होते, त्या गर्दीत तुमचे आजोबा होते. मुलगा घरी येऊन मला विचारत होता, आई, काकांच्या आजोबांना आत जाऊ देत नव्हते? आपल्या इथे? पुस्तकात त्याने हा धडा आधीच वाचला होता, मार्क पण मिळवले होते. पण रोज दप्तर हातात घेणाऱ्या माणसाचे आजोबा, हे वेगळं असतं ना.

त्याने स्टिकर डिलीट केलं, सॉरी म्हणायला मात्र पंधरा दिवस लागले. तो मुलगा फक्त "ठीक आहे" म्हणाला. दोस्ती वगैरे झाली नाही अजून, आणि ती व्हायलाच पाहिजे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू. पण आता डबा उघडतो असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मला भरून आलं होतं, तुम्ही आरशात बघून न बघितल्यासारखं केलंत.

आता दोघं नववीत. आरटीईचं मोफत शिक्षण आठवीपर्यंतच, पुढची फी झेपणार नाही म्हणून तो दुसऱ्या शाळेत गेला हे मला जूनमध्ये कळलं, तेही तुमच्याकडूनच. ती शाळा तुमच्या रस्त्यावर आहे म्हणून तो अजून व्हॅनमध्ये आहे, आणि त्याच्या वडिलांनी एकदाही पैसे थकवले नाहीत हे तुम्ही कौतुकाने सांगता.

काका, थँक्यू. शाळेत तक्रार करून मोकळे होऊ शकला असतात, किंवा आपल्याला काय करायचंय म्हणून गप्प. एका मुलाची गिऱ्हाइकी जाईल ही भीती असूनही माझ्या दारात थांबलात.

एक काम आहे. मुलाने माफी मागितली, माझी राहिलीये. त्याच्या आईवडिलांना जरा विचाराल का, रविवारी मार्केट बंद असेल तेव्हा मी येऊ का म्हणून. नको म्हणाले तर नको, जोर करू नका.

तुमची,
तिसऱ्या स्टॉपवरची ताई