सुधीर, आप्पांचं घड्याळ आधी परत आण

नौपाडा, ठाणे
२३ जून

प्रिय सुधीर,

तुझे तीनही फोटो मिळाले. फोन केला असता तर तू 'बरं बरं' म्हणून दोन मिनिटांत ठेवला असतास, म्हणून पत्र. चिन्मयच्या लग्नाआधी आप्पांचं घड्याळ 'नवं करून घेतोय, आठशे रुपयांत डायल रंगवून, पॉलिश मारून देतो म्हणालाय' असं तू लिहिलंस आणि माझा चहा कपातच गार झाला. अजून दिलं नसशील तर देऊ नकोस. दिलं असशील तर चप्पल घाल आणि घेऊन ये, बाकीचं पत्र नंतर वाच.

आप्पांनी ते एडनला घेतलं हे आपण लहानपणी शंभरदा ऐकलंय. एडन तेव्हा बिनजकातीचं बंदर, बोटीवरची माणसं घड्याळं तिथूनच आणायची. पण ते ओमेगा या स्विस कंपनीचं कॉन्स्टलेशन आहे हे आपल्याला कुठं कळत होतं! आपली उडी एचएमटी जनतापर्यंत. हे मॉडेल ओमेगानं १९५२ साली काढलं. तबकडी तिरकी धरून बघ. मधला भाग सपाट आणि कडेनं बारा उतरते पैलू, थेट उपड्या ताटलीसारखे. शौकीन मंडळी त्याला 'पाय-पॅन' म्हणतात, म्हणजे इंग्रजांची ती 'पाय' भाजायची ताटली. मागच्या झाकणावर जिनिव्हाची वेधशाळा आणि वर आठ चांदण्या आहेत. वेधशाळांच्या अचूकतेच्या चाचण्यांत ओमेगानं जे नाव कमावलं त्याची ती खूण. आणि पट्टा अडकवायचे ते चार पाय, कुत्र्याच्या मागच्या तंगडीसारखे मोडलेले. तुझ्या फोटोत त्यांच्या कडा अजून बोटाला लागतील इतक्या धारदार दिसतायत. इतक्या वर्षांत कुणी पॉलिशच्या चाकावर धरलंच नाही त्याला! चाकावर एकदा धरलं की पहिल्या त्या कडाच जातात, आणि गेलेला धातू परत भरून येत नाही.

रंगवण्याचं तर विचारूच नकोस. आकड्यांच्या जागचे ठोकळे उपटतात, जुना रंग घासून काढतात, त्यात पैलू बोथट होतात. मग वर रंग आणि जाडीभरडी अक्षरं. परदेशातले लोक असल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून हसतात. राग येतो, पण उगाच हसत नाहीत.

हे मी कुठं शिकलो ते तुला आजवर सांगितलं नव्हतं. आठेक वर्षांपूर्वी चोरबाजारात शुक्रवारचा फिरत होतो. अगदी आप्पांच्यासारखंच कॉन्स्टलेशन दिसलं, पण तबकडी कशी, दुधासारखी! घासाघीस करून साठ हजारांना घेतलं. घरी वीस सांगितले. (हे पत्र वहिनींच्या हाती देऊ नकोस, त्या हिला सांगतील.) दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्याजवळच्या आमच्या घड्याळवाल्या काकांकडे मिरवत नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मशीन ओमेगाचं आहे." बास, एवढंच. 'मशीन' या शब्दावर जो जोर दिला ना, त्यातच साठ हजार गेले. तबकडी रंगवलेली, काटे दुसऱ्याच मॉडेलचे, चावी कुठली तरी. अस्सल काचेच्या बरोबर मध्यात ओमेगाचं चिन्ह असतं, भिंगाखालीच दिसेल एवढं बारीक. तेही नव्हतं. नंतर तलावपाळीवर तासभर बसून राहिलो, घरी जायला पाय निघेना.

ते दुःख हलकं केलं खुद्द ओमेगानं. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या लिलावात त्यांचंच एक जुनं घड्याळ, स्पीडमास्टर मॉडेलचं, ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. तबकडी मूळची काळी, वर्षानुवर्षांनी विटून चॉकलेटी झालेली, आणि भाव त्या विटक्या रंगालाच! घेतलं ओमेगानंच, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये बाहेर आलं की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून उभं केलेलं होतं. म्हटलं, बनवणारेच फसले तर मी कोण? पण मुद्दा तो नाही. अस्सल विटक्या तबकडीसाठी जग जीव टाकतं आणि तुझ्या घरात ती आयती आहे. तू म्हणतोस ते तीनच्या आकड्याजवळचे पिवळट डाग मला दिसले. राहू देत ते.

आता काय करायचं ते ऐक. चालतं का बघायला हलवू नकोस, चावी देऊ नकोस. आतलं तेल कधीच सुकलं असणार, कोरडी चाकं एकमेकांना खातील. इकडे घेऊन ये. काका उघडून साफ करतील, तेल देतील, काचेवरचे ओरखडे हातानं घासून काढतील. ती काच प्लास्टिकची असते, निघतात ओरखडे. बाकी कशाला हात लावणार नाहीत. आत मशीन तांबूस दिसेल, त्यावरच्या नंबरावरून साल काढता येईल. झाकणाच्या आतून जुने घड्याळजी दुरुस्तीच्या तारखा कोरून ठेवायचे. आप्पांनी ते कधी कुणाला दाखवलं असेल तर तेही कळेल. मला त्याचीच जास्त उत्सुकता आहे. आप्पा कुणावर विश्वास ठेवणारे नव्हते!

किंमत विचारलीस. सांगणार नाही. चिन्मयला कळली तर तो लग्नात बांधायचा नाही, लॉकरमध्ये ठेवील.

वंदनाच्या एसटी स्टँडवर उतरलास की फोन कर, मी येतो. घड्याळ मनगटावर बांधून येऊ नकोस. आतली रबरं वाळलेली असणार आणि पाऊस सुरू झालाय. रुमालात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि शर्टाच्या खिशात ठेव, बॅगेत नको. काकूंना नमस्कार. आणि हो, जुना पट्टा कुजला म्हणून तू फेकलास ना? कचरा गेला नसेल तर त्याचं बक्कल तेवढं शोध. त्यावर ओमेगाचं चिन्ह असेल तर तेही बरोबर आण.

तुझा,
विन्या